मुलाचे की मुलांचे?

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या हॉस्टेलला रंग दिला आणि फाटकावरचा बोर्डही नव्याने रंगवला. वरची ओळ मराठीत : ‘मुलांचे वसतिगृह’. खालची ओळ इंग्रजीत : बॉईज हॉस्टेल. मराठी ओळ शंभर टक्के बरोबर. ‘ला’वरचा अनुस्वार तर पेंटरने जरा जास्तच ठळक दिलाय. इंग्रजी ओळीत मात्र वरचा कॉमा, म्हणजे ज्याला पुस्तकात अपॉस्ट्रॉफी म्हणतात तो, त्याने एसच्या आधी ठोकून दिला. इंग्रजीच्या नियमाने त्याचा अर्थ झाला ‘मुलाचे वसतिगृह’. एका मुलाचं! म्हणजे एवढ्या मोठ्या इमारतीत कोणीतरी एक मालक राहतो आणि बाकी आपण सगळे त्याचे पाहुणे, तेही मेसचं बिल भरून.

मित्रहो, त्या बोर्डाचा फोटो ग्रुपवर फिरला तेव्हा पेंटरची जी टिंगल झाली ती मीही वाचली, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही हसलो. पण नंतर एक गोष्ट डोक्यात बसली ती जाईना. याच माणसाने वरच्या ओळीत मुलं एक नसून अनेक आहेत हे न चुकता लिहिलं होतं. त्याच्या डोक्यात गोंधळ नव्हताच. गोंधळ कुठं झाला? फक्त खालच्या ओळीत. मग त्याला खालच्या ओळीतला नियम येत नाही असं म्हणायचं, की जो नियम त्याला येतो तोच इथं लागू आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही, असं म्हणायचं? माझं मत दुसरं आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख.

आता पेंटरचं सोडा, आपल्यातलंच सांगतो. माझा एक जवळचा मित्र इंदापूर तालुक्यातल्या गावचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. गणित असं की आपण वहीत उतरवून घेईपर्यंत याचं उत्तर तयार. पहिल्या वर्षाला कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला रजेचा अर्ज लिहायला दिला होता. याने ‘दोन दिवसांची रजा’ लिहिताना कॉमा चुकीच्या जागी दिला. अर्ज वर्गासमोर वाचला गेला, चूक फळ्यावर काढून दाखवली गेली, वर्ग हसला. झालं एवढंच. पण त्यानंतर वर्षभर या गड्याने एकही अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला नाही. घरी जायचं असलं की दुसऱ्याचा जुना अर्ज मागायचा आणि तारीख बदलून उतरवायचा. एकदा तर त्यात दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न तसंच राहिलं! रेक्टर सरांनी विचारलं, ‘अरे, तुला बहीण कुठाय?’ त्यावर आम्ही महिनाभर हसत होतो. तो मात्र हसत नव्हता.

मागच्या वर्षी एका रात्री सबमिशनच्या गडबडीत मी त्याला सहज विचारलं, ‘एका दिवसाची रजा आणि दोन दिवसांची रजा, फरक काय?’ म्हणाला, ‘दुसऱ्यात सा-वर अनुस्वार.’ विचार करायला सेकंदसुद्धा लागला नाही. म्हटलं, ‘मग तेच तर आहे. जिथं मराठीत अनुस्वार येतो तिथं इंग्रजीत कॉमा एसच्या मागं जातो. अनुस्वार नसेल तर एसच्या आधी.’ तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, ‘एवढंच होतं होय?’

बहुतेक ठिकाणी एवढंच असतं. मुलाचा, मुलांचा. भावाचा, भावांचा. बहिणीचा, बहिणींचा. शाळेचा, शाळांचा. नदीचं, नद्यांचं. मराठीत मालक एक आहे की अनेक हे सामान्यरूपात कळतं आणि अनेक असला की डोक्यावर अनुस्वार बसतो. इंग्रजीत हेच काम कॉमाची जागा करते. शेतकऱ्याचा ऊस म्हटलं की एसच्या आधी, शेतकऱ्यांचा ऊस म्हटलं की एसच्या नंतर. सोमेश्वर, माळेगाव किंवा भवानीनगरच्या कारखान्याच्या गव्हाणीपुढं उभ्या असलेल्या बैलगाड्या बघून हा फरक आपल्याकडच्या कोणत्याही पोराला सांगावा लागत नाही. बायोडाटात ‘सहा महिन्यांचा अनुभव’ लिहिताना तर हे हमखास कामाला येतं, कारण तिथं निम्म्या लोकांचा कॉमा गायब असतो आणि उरलेल्यांचा चुकलेला. सहा महिने, म्हणजे महिन्यांचा, म्हणजे अनुस्वार, म्हणजे एसच्या नंतर. एक वर्षाचा अनुभव असेल तर एसच्या आधी. शिकलो की नाही?

एक सावधगिरी मात्र आहे. प्रश्न स्वतःला विचारताना शब्द शुद्ध मराठी घ्यायचा. आपण हॉस्टेलवर बोलतो तसं ‘स्टुडंट्सचा’, ‘टीचर्सचा’ म्हटलं की अनुस्वार पळून जातो आणि सगळी परीक्षाच फसते. ‘विद्यार्थ्यांचा’ म्हणा, लगेच दिसेल.

आता थोडं पुढं जाऊ, कारण गोंधळाचं खरं मूळ पुढं आहे आणि ते आपल्या मराठीतच आहे. आपल्या षष्ठीत दोन गोष्टी एकदम चालतात. मालक किती हे सामान्यरूप सांगतं, आणि मालकीची वस्तू कशी व किती हे चा, ची, चे सांगतात. न्यूटनचा नियम, न्यूटनचे नियम. मालक तोच, पण नियम तीन झाल्याबरोबर ‘चा’चा ‘चे’ झाला. इंग्रजीत हा दुसरा भाग नाहीच. तिथला कॉमा फक्त मालकाबद्दल बोलतो, वस्तू एक असो की पोतंभर. पण आपल्या कानाला ‘चे’ ऐकायची सवय, त्यामुळे नियम तीन आहेत म्हटल्यावर हात आपोआप कॉमा एसच्या पलीकडं नेतो. किरचॉफचे दोन नियम, मॅक्सवेलची समीकरणं, सगळीकडं हाच घोटाळा. किरचॉफ एकच होता हो! नियम त्याने कितीही मांडले तरी कॉमा एसच्या आधीच. हे मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं नाही, कारण ती पुस्तकं मराठी बोलणाऱ्या पोरांसाठी लिहिलेली नसतात.

दुसरा सापळा आदराचा. ‘सरांची गाडी’. अनुस्वार आहे, म्हणून कॉमा एसच्या नंतर? नाही! सर एकच आहेत, अनुस्वार त्यांच्या मानाचा आहे. आजोबांची काठी, बाबांचं शेत, प्राचार्यांचं कार्यालय, मुख्यमंत्र्यांचा दौरा : सगळीकडं माणूस एक आणि अनुस्वार आदराचा. इंग्रजीला हा आदर व्याकरणात दाखवता येत नाही, तिथं प्राचार्यसुद्धा मोजून एक. म्हणून प्राचार्यांच्या दारावरच्या पाटीत कॉमा एसच्या आधी. हे एकदा लक्षात आलं की मग आपली अनुस्वाराची कसोटी फारशी फसत नाही.

आता राहिले बाया, बाप्ये आणि पोरं. इंग्रजीत चाइल्डचं अनेकवचन चिल्ड्रन, वुमनचं विमेन, मॅनचं मेन. त्यांच्या अनेकवचनात एस नाहीच, मग एसच्या नंतर कॉमा देणार कुठं? म्हणून आधी चिल्ड्रन पूर्ण लिहायचं, मग कॉमा, मग एस. इथं अनुस्वाराची कसोटी कमी पडते, तेव्हा मी दुसरी वापरतो : कॉमावर बोट ठेवा आणि डावीकडं काय उरतं ते वाचा. जे उरेल तो मालक. बॉय उरला तर एक मुलगा, बॉईज उरलं तर अनेक, चिल्ड्रन उरलं तर पोरंच पोरं. कॉमाची डावी बाजू म्हणजे इंग्रजीचा सातबारा समजा; मालकाचं नाव तिथं बघायचं.

या सातबाऱ्याची खरी गरज आपल्या इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये पडते. सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स (१८१९–१९०३) हे नाव सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच्या नियमाचं शीर्षक लिहिताना अर्धा वर्ग लिहितो : स्टोक, कॉमा, एस. बोट ठेवा. डावीकडं उरलं ‘स्टोक’. असा शास्त्रज्ञ झालाच नाही! बिचाऱ्याचं आडनावच स्टोक्स, शेवटचा एस त्याच्या बापाकडून आलेला, तो षष्ठीचा नाही. म्हणून आधी पूर्ण स्टोक्स, मग कॉमा. पुढं आणखी एक एस द्यायचा की नाही यावर इंग्रजांचंही एकमत नाही, दोन्ही चालतं. तिकडं अमेरिकेत आर्कान्सा राज्याच्या नावाच्या शेवटी न उच्चारला जाणारा एस आहे. त्याची षष्ठी कशी लिहावी यावर २००७ साली तिथल्या विधिमंडळाच्या सभागृहात ठराव झाला, की कॉमा देऊन पुढं आणखी एक एस द्यावा. विधिमंडळाला दुसरी कामं नव्हती का, असं वाटेल. पण राज्याच्या नावाचा प्रश्न म्हटल्यावर आपल्याकडं याहून जास्त झालं असतं.

ऑस्बर्न रेनॉल्ड्सचंही तेच. आडनाव रेनॉल्ड्स, एससकट. रेनॉल्ड्स नंबरला तर कॉमा लागतच नाही, जसा ऑटो सायकल, रँकिन सायकल, व्हीटस्टन ब्रिज, पेल्टन व्हील यांना लागत नाही. तिथं नाव नुसतं पुढं चिकटवलंय, मालकी सांगितलेली नाही. पण ओहमचा, हूकचा, बॉइलचा नियम, यंगचा मॉड्युलस, पॉयसनचा रेशो यांना लागतो. कोणाला लागतो आणि कोणाला नाही याला तर्क नाही, वापर आहे, ते पाठच करावं लागतं. चार्ल्सच्या नियमाला मात्र जपा. ‘चार्ल’ नावाचा कोणी नव्हता. एक्सटर्नल रागीट असेल तर एवढ्यावरून ओरलची सुरुवात बिघडू शकते.

जाता जाता मेसच्या फळ्याबद्दल. इंग्रजीत मेनू लिहायची हौस चांगली आहे, पण अंडी, इडल्या, पराठे अनेक आहेत म्हणून त्यांना कॉमा द्यायचं कारण नाही. नुसतं अनेकवचन म्हणजे मालकी नव्हे. ‘इडल्या तयार आहेत’ असं आपण म्हणतो, ‘इडल्यांचे तयार आहेत’ असं म्हणतो का? नाही ना. भेंडीला मात्र इंग्रजीत मालकीण आहे, लेडीज फिंगरमधली ती लेडी एकच समजायची, कॉमा एसच्या आधी. भाजी पातळ का असते याचं उत्तर व्याकरणात नाही. असो.

तर हा सगळा पसारा परक्याचा वाटतो, पण आपल्या भागात एक गंमत आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येते आणि आपल्या येत नाही. आपल्या कॉलेजांची नावंच षष्ठीने सुरू होतात. बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानची कॉलेजं घ्या, इंग्रजी नावाच्या सुरुवातीला विद्या प्रतिष्ठान, कॉमा, एस. अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, माळेगावचं शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचं इंजिनिअरिंग कॉलेज, इंदापूर तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचं कॉलेज, सगळीकडं वर संस्था, तिला कॉमा-एस, आणि खाली कॉलेज. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून ही तऱ्हा दिसते. दुसऱ्या राज्यातला मित्र पहिल्यांदा आपलं लेटरहेड बघतो तेव्हा विचारतो, ‘ही पहिली ओळ अर्धवट का तुटली आहे?’ तुटलेली नाही बाबा. ती आमची ‘चे’ आहे! ‘विद्या प्रतिष्ठानचे’, ‘रयत शिक्षण संस्थेचे’ अशी पहिली ओळ मराठी पाटीवर येते आणि खाली मोठ्या अक्षरात महाविद्यालयाचं नाव. तीच ओळ इंग्रजीत उचलून ठेवली आणि ‘चे’च्या जागी कॉमा-एस आला. मराठी माणसाने इंग्रजीत रुजवलेली ही पाटी आहे. मला तिचं कौतुक वाटतं. ज्यांच्या फाटकावर, लेटरहेडवर, मार्कलिस्टवर आणि टी-शर्टच्या पाठीवर हा कॉमा रोज मिरवतो, त्या आपण त्याला घाबरावं, हे जरा विचित्रच नाही का?

शिवाय या पाट्यांत कॉमा बहुतेकदा बरोबर असतो. संस्था एक, कॉमा एसच्या आधी. गडबड होते ती पुढं, दरवर्षी १५ सप्टेंबरला. सर विश्वेश्वरय्यांची जयंती, अभियंता दिन. मराठीत ‘अभियंता दिन’ हा समास, त्यात प्रत्यय दिसत नाही, म्हणून बॅनर लिहिणाऱ्याला आधार राहत नाही. समास फोडायचा : अभियंत्यांचा दिवस. अनुस्वार आला, कॉमा एसच्या नंतर. शिक्षक दिन, शिक्षकांचा, तसंच. एका बॅनरवर मात्र कॉमा एसच्या आधी होता, म्हणजे ‘एका अभियंत्याचा दिवस’. तो एक अभियंता म्हणजे विश्वेश्वरय्याच असं धरलं तर त्या चुकीला चूक म्हणवत नाही! उलट मदर्स डेचं बघा. अमेरिकेत ज्या अॅना जार्विसबाईंनी त्या दिवसासाठी धडपड केली, त्यांचा आग्रहच होता की कॉमा एसच्या आधी हवा. प्रत्येकाने आपल्या एका आईचा दिवस पाळायचा, जगातल्या तमाम आयांचा नव्हे. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस जाहीर केला तोही तसाच, एकवचनात. एवढ्याशा खुणेत केवढा विचार असू शकतो!

इथं कोणी म्हणेल, आणि आमच्या विंगमध्ये म्हणालेच, की एवढं कशाला? खुद्द इंग्रजांनीच तो कॉमा सोडायला घेतलाय. हे खोटं नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवर तो द्यायचा नाही असं ठरवलं. अमेरिकेत भौगोलिक नावांचं मंडळ १८९० सालापासून आहे, ते ठिकाणांच्या नावात हा कॉमा ठेवत नाही, मोजके अपवाद सोडले तर. वॉटरस्टोन्स या इंग्लंडमधल्या मोठ्या पुस्तक दुकानाने २०१२ साली आपल्या नावातला कॉमा काढून टाकला. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१ साली या कॉमाच्या रक्षणासाठी चक्क एक सोसायटी काढली होती. २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, आता थकलो म्हणून त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढं दुसऱ्यांनी ती पुन्हा उचलली, पण मुद्दा कळला. मग बारामती-इंदापूरच्या पोरांनीच का सांभाळायचा?

पाटीवर नसला तर माझीही हरकत नाही. बॉईज हॉस्टेल नुसतं लिहिलं, कॉमाच दिला नाही, तरी चालतं. हॉस्टेल कोणतं हे कळतं. चुकीच्या जागी देण्यापेक्षा न दिलेला बरा. पण पाटी वेगळी आणि कागद वेगळा. ऑस्ट्रेलियात एका इस्टेट एजंटने फेसबुकवर आपल्या जुन्या मालकाबद्दल लिहिलं, की कामगारांचे निवृत्तीचे पैसे हा देत नाही. कामगार या शब्दाला त्याने एस लावला, कॉमा कुठंच दिला नाही. मालकाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. एजंटचं म्हणणं, मला ‘कामगाराचे’ म्हणायचं होतं, फक्त माझे पैसे. २०२१ साली न्यू साउथ वेल्सच्या जिल्हा न्यायालयाने दावा क्षुल्लक म्हणून फेटाळायला नकार दिला. न्यायाधीशांचा मुद्दा असा, की एकाचे पैसे राहिले तर ते दुर्दैव म्हणता येईल, पण अनेकांचे राहिले म्हणजे तशी रीतच असल्याचा अर्थ निघतो. कॉमा नसल्यामुळे ‘अनेकांचे’ असंच वाचलं गेलं. मराठीत लिहिलं असतं तर हे प्रकरण एका अनुस्वारावर आलं असतं!

आपल्याकडं तर एक आणि अनेक यातला फरक म्हणजे भांडणाचं घर. शैक्षणिक कर्जासाठी किंवा कुठल्या प्रवेशासाठी इंग्रजीत लिहून देताना ‘माझ्या चुलत्याची जमीन’ लिहायचं की ‘चुलत्यांची’, हे आपल्यापैकी कितीजण जपून बघतात? नीरा डाव्या कालव्याच्या कडेला एकाच गटात चार भावांची नावं असणारी घरं किती आहेत, ते आपल्याच मजल्यावर विचारून बघा. उजनीच्या पाण्यात जमिनी गेलेल्या घरांतल्या पोरांनाही माहीत आहे, की भावाची गेली आणि भावांची गेली यात किती अंतर आहे. हल्ली सगळे म्हणतात फोन दुरुस्त करून देतो. स्पेलिंग देईल. पण चुलते एक की तीन, हे फोनला कुठून कळणार? ते लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं.

म्हणून स्टाफमधल्या सर-मॅडमना माझी विनंती आहे, तक्रार नव्हे. हा भाग शिकवताना एकदा मराठीतून विचारा : ‘मालक कोण? एक का अनेक?’ इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारला तर वातावरण बिघडतं, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. वातावरण बिघडतं ते हसण्याने. जो पोरगा मराठीत हा भेद बोलताना कधीच चुकत नाही, त्याला इंग्रजीत तो ‘येत नाही’ असं सांगणं म्हणजे ज्याला विहिरीत पोहता येतं त्याला तलावात पोहता येत नाही म्हणण्यासारखं आहे. पाणी थोडं वेगळं आहे, एवढंच सांगा. नियमाची यादी पाठ करून घेतली तर पेपरपुरती राहते. प्रश्न विचारायची सवय लागली तर अर्ज लिहितानाही आठवते.

आणि आपण विद्यार्थ्यांनीही जरा आपल्या अंगणात बघायला हवं. या वर्षीच्या अंकासाठी आलेले मराठी लेख मी वाचले. त्यात ‘विद्यार्थ्याच्या समस्या’ किती जणांनी लिहिलंय माहीत आहे? एकाच विद्यार्थ्याच्या? १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा न उच्चारले जाणारे पुष्कळ अनुस्वार काढून टाकले. आजोबांच्या जुन्या पुस्तकांत ते अजून दिसतात. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मुद्दाम ठेवला, कारण तो अर्थ वाहतो. इंग्रजीतही असंच काहीसं घडलं. जुन्या इंग्रजीत षष्ठीच्या प्रत्ययात ई आणि एस दोन्ही होते, पुढं ई गळाला आणि हा कॉमा त्याची जागा धरून बसला. दोन्ही भाषांत मोठ्या सफाईनंतर उरलेली एक छोटी खूण. मराठीतली खूण आपण मोबाईलवर टाइप करताना आळसाने सोडतो आणि मग इंग्रजीतली सापडत नाही म्हणून रडतो. एक हातची गेली की दुसरी कशी सापडणार?

मित्राचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. अर्ज त्याने स्वतः लिहिला. ‘तीन दिवसांची रजा’, कॉमा एसच्या नंतर. ‘चुलतभावाचे लग्न’, कॉमा एसच्या आधी. मी म्हटलं, दाखव. तर म्हणाला, ‘तुला कशाला? रेक्टर सरांना दाखवलाय.’ सरांनी सही केली, एक दिवस कमी करून. व्याकरणाला कोणी हरकत घेतली नाही.

बोर्डाचंही सांगतो. आम्ही चार-पाचजण पेंटरदादांना भेटलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘मला कागदावर जसं आलं तसं काढलं. मराठी मी माझ्या मनानं लिहिलं, इंग्रजी तुमच्या ऑफिसातनं आलं.’ मी त्यांना अनुस्वाराचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बोर्डाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘मग एस अलीकडं सरकवावा लागंल. कॉमा नंतर बसंल. दहा मिनिटांचं काम हाय, पण शिडी तुम्ही धरायची.’

शिडी आम्ही धरली.